रात्रपाळी, मालार्गुए

यानाकडून चित्र उतरत होतं एकेक ओळ,
उसवलेलं लोकरीचं कुणी परत विणावं तसं.
काळं. काळं. काळं.
मग चार ठिपके, निळसर, एकमेकांना चिकटलेले
आणि बरंच उजवीकडे एक फिकट,
त्याला संगणकाने खूण केली: दोष. पुसायचा?

ओडिलियाचं बोट बटणावर गेलंही होतं.

उजेडाला तिथवर जायला त्रेपन्न मिनिटं,
परतायला त्रेपन्न.
म्हणजे तेव्हा ती फोनवर बहिणीशी भांडत होती
आईच्या शिलाई मशीनवरून.
तेही आलं असणार त्या चारांत कुठेतरी,
तिचा चढलेला आवाज सोडून.

कुंपणापलीकडे, अँटेनाच्या थाळीखाली,
फाउस्तो शेळी शोधत होता,
ती करडी, आज-उद्या विणारी.
टॉर्च खिशातच.
काटेरी झुडपांच्याही सावल्या पडल्या होत्या,
आंदेसचा बर्फ दिसत होता इथून.

तिने खिडकीतून वर पाहिलं. मग पडद्यावर.
बोट उचललं.
नोंदवहीत लिहिलं: दोष नाही. चंद्र आहे.

आणि काच सरकवून ओरडली,
"सापडली का रे?"

बराच वेळ नुसता वारा.
मग लांबून, धापा टाकत:
"दोघी आहेत!"