इनपुट आढळला नाही

डंडीत डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो.
टे नदीवरून धुकं चढत येतं तिसऱ्या मजल्यापर्यंत,
आणि मी टेबलाखाली रांगतोय,
हातात वायर, तोंडात टॉर्च.

डबी लाल आहे, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी.
एका बाजूने माइक, दुसऱ्या बाजूने लॅपटॉप.
हिरवा दिवा लागलाय. म्हणजे जीव आहे.
पण सॉफ्टवेअर तिला ओळख दाखवत नाही,
लग्नात समोरासमोर बसूनही
ताटातल्या जिलबीकडेच बघत राहणाऱ्या
चुलत्यासारखं.

यादीत एकच नाव : लॅपटॉपच्या अंगचा माइक.
त्याला सगळं ऐकू येतं. पंखा, फ्रिज,
खालच्या घरातली फुटबॉलची मॅच.
मी सोडून सगळं.

वाचा-उपचाराच्या मॉइराबाई म्हणाल्या, लवकर करा.
'लवकर' हा शब्द त्या फार सावकाश म्हणाल्या.
साडेतीनशे वाक्यं, सगळी इंग्रजी,
शांत खोलीत, चांगल्या माइकवर.
मग यंत्र माझा आवाज विणून ठेवणार
पुढच्या हिवाळ्यासाठी.

ड्रायव्हर काढला, परत टाकला.
परवानगीच्या खिडकीत जाऊन सगळ्याला हो म्हटलं.
चव्वेचाळीस हजार शंभरचे अठ्ठेचाळीस हजार केले,
कशाचे ते न कळता.
बकुळा म्हणाली, आमच्या आईचा रेडिओ थापट मारली की लागायचा.
तेही केलं.
बत्तीस वर्षं मी बसगाड्यांचे गिअरबॉक्स
नुसते ऐकून दोष सांगितले.
ही डबी आवाजच करत नाही, तर ऐकू काय?

शेवटी खालचा कॅलम आला. वय चौदा, मोजे भिजलेले.
वायर उचलली, टोक पाहिलं,
म्हणाला, मिस्टर फन्सल,
ही चार्जिंगची आहे. हिच्यातून फक्त करंट जातो.
डेटा जात नाही.

मी खालीच बसून राहिलो थोडा वेळ.
सप्टेंबरात डॉक्टरांनी माझ्या जिभेबद्दल
जवळजवळ हेच सांगितलं होतं :
रक्त पोचतंय, निरोप पोचत नाही.
त्यांनी आधी पाणी विचारलं होतं, एवढाच फरक.

बिस्किटांच्या डब्यातून जुन्या प्रिंटरची वायर निघाली.
लावली. टिंग.
यादीत दुसरं नाव आलं,
आणि मीटरवर हिरवी पट्टी हलली,
मी काही बोललो नव्हतो तरी.
श्वास होता तो.
कॅलमने एक चकली घेतली आणि गेला.

पडद्यावर पहिलं वाक्य : बोट दुपारच्या आत निघून गेली.
मी ते वाचलं नाही.

माझा ळ निसटतोय, दिवाळीपासून.
सगळ्यात आधी तो.
जीभ मागे वळू बघते, टाळूच्या अलीकडेच दमते.
आणि या साडेतीनशे वाक्यांत तो एकदाही नाही,
त्या भाषेत तो कधी नव्हताच.
म्हणजे विणलेल्या आवाजालाही येणार नाही.
केळं, डोळे, सकाळ, तळहात.
माझं आडनाव कॅलम म्हणतो तसंच म्हणेल.

माइकच्या जाळीजवळ तोंड नेलं, म्हटलं,
बकुला.

लाल अक्षरं : वाक्य जुळत नाही. पुन्हा बोला.

पुन्हा बोललो.

आत भांडं ठेवल्याचा आवाज,
मग, आले हं, काय हवंय?

काही नको, म्हणालो. दार लोटून घे,
रेकॉर्डिंग चालू आहे.

मग बोट दुपारच्या आत निघून गेली.
उरली तीनशे एकोणपन्नास.