बंद केलेल्या लाईनवर

पोटावर पिशवी आली त्याला आठ महिने झाले.
तिच्याशी जमलं माझं. ती भरते, मी रिकामी करतो,
हिशेब सरळ.
मागच्या दाराचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा झालं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये,
पाण्याच्या टाकीवरून वाद चालू असताना.
आतून एकदम निकड आली, जुनी, ओळखीची,
ऑपरेशनआधी यायची तशीच.
उठलो. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर
रुपयाएवढा ओला डाग.
सेक्रेटरी सावर्डेकरांनी बघितला, आणि
टाकीबद्दल जास्तच मोठ्याने बोलायला लागले.
चांगला माणूस.

सिस्टर डिमेलो म्हणाली, घाबरू नका काका,
रस्ता बंद केला तरी भिंती जिवंत आहेत.
वरून आता काही येणार नाही, हे त्यांना कुठे माहीत?
त्या आपलं काम करतात, चिकटा सोडतात.
रोज सकाळी पाच मिनिटं बसा. जोर नाही करायचा.
येईल ते येऊ दे.
रक्त दिसलं, घाण वास आला, तर लगेच मला फोन.

फोन.
एकतीस वर्षं मी टेलिफोनमध्ये लाईनमन होतो.
विक्रोळीपासून भांडुपपर्यंत जमिनीखाली काय आहे
ते मला माझ्या पोटापेक्षा जास्त ठाऊक.
बिल थकलं की एक्सचेंजमधून लाईन तोडायचे.
पण मॅनहोलमध्ये उतरून त्या मेलेल्या जोडीला रिसीव्हर लावला
तर कधीकधी बारीक खरखर यायची,
शेजारच्या तारेतून झिरपलेली, कुणाची तरी.
हॅलो म्हणावंसं वाटे.
कधी म्हटलं नाही.
आता रोज सहाला कमोडवर बसून
तेच करतो, ऐकतो.

येतं काय? अंड्यातलं पांढरं.
कधी साबुदाण्याची पेज.
कधी नुसतीच निकड:
रिंग वाजते, उचलावं तर पलीकडे कुणी नाही.

पॅड लागतील, असंही सिस्टर म्हणाली होती.
मेहुलच्या दुकानात गेलो, रात्री, गर्दी ओसरल्यावर.
त्याने पेपरात गुंडाळलं, वर काळी पिशवी, वर गाठ.
'काकींना अजून काही?'
काकी पासष्टच्या.
मी म्हटलं, नाही, एवढंच.

घरी कुमुदिनीने गाठ सोडली. हसली नाही.
माझी चड्डी पलंगावर पसरून दाखवलं:
हा कागद काढायचा, हे पंख, हे खाली दुमडायचे.
आमच्या वेळी पंख नव्हते, म्हणाली.
जुन्या साडीच्या घड्या होत्या,
मोरीतल्या दोरीवर टॉवेलखाली वाळायच्या,
ऊन न बघता.

मी आठवून पाहिलं.
त्या मोरीत मी रोज आंघोळ करायचो.
टॉवेल माझाच असणार.
एकही घडी आठवेना.

'तुला तेव्हा,' मी सुरुवात केली,
तर ती म्हणाली, आधी मलम लावा,
कातडी सोलवटलीय तुमची. आणि घासू नका, टिपा.

काल परत गेलो. म्हटलं, पेपर नको रे.
मेहुलने तरी गुंडाळलंच, हाताची सवय.
मीही पुढे बोललो नाही. माझ्यासाठी आहे, वगैरे.
कन्नमवार नगरच्या कोपऱ्यावर
रिक्षा स्टँडच्या दिव्याखाली थांबून
गाठ मात्र सोडली. पेपर काढला.
मागच्या महिन्याचं राशिभविष्य.
कन्या: जुनी येणी वसूल होतील, प्रकृती जपा.

पाकीट तसंच उघडं हातात घेऊन
चार जिने चढलो, मधे एकदा थांबलो,
गुप्त्यांचा मुलगा उतरत होता, त्याला वाट दिली.
माझी रास कन्या की तूळ,
कुमुदिनीला विचारायला हवं.