नऊ जणांची सोय

नेगी नावाचा माणूस फोनवर सांगतो:
तळं शंभर पावलांवर, मागे डोंगर,
खोल्या तीन, पलंग आठ,
आणि रस्त्यापासून खाली बेचाळीस पायऱ्या.
आईचे गुडघे मी मनातल्या मनात
बेचाळीसनं गुणते.

रविवार. लोकमान्य नगर. पोह्यांच्या बश्या अजून टेबलावर.
आई उरलेल्या शेवेचा डोंगर करते,
वाटीत पाणी ओतते. हे तुझं तळं.
जिरावनाची डबी मध्ये ठेवते. ही केबिन.
मग विचारते, संडास कुठल्या बाजूला?

ग्वाल्हेरहून हेरंबचा फोन:
वरची खोली आम्हाला. वल्लरीला खिडकी लागते,
रिक्षातसुद्धा ती कडेलाच बसते.
तासाभरानं बडोद्याहून शलाकाचा:
वरची आम्हाला दे गं, ओजसला बर्फ बघायचाय.
मे महिन्यात कसला बर्फ?
लांबचा तरी?
लांबचा दिसेल बहुतेक. धुकं नसेल तर.
आणि फोन ठेवायच्या आधी दोघंही,
आवाज जरा खाली आणून:
ती येणारे का?
तो येणारे का?

सुदामा नगरचा तो प्लॉट, तीस बाय पन्नास.
त्यावर अजून एक वीट नाही.
गाजरगवत आहे, आणि कुणाची तरी म्हैस.
मागल्या, नाही, त्याच्या मागल्या दिवाळीपासून
दोघं एकमेकांशी माझ्या तोंडानं बोलतात.
मी वीज कंपनीत आहे, मला सवय आहे:
इकडचा भार तिकडे, तिकडचा इकडे.
मधल्या तारेला कुणी विचारत नाही
तापलीस का म्हणून.

मालवा एक्स्प्रेसनं आम्ही दोघी इथून,
हेरंबचे चौघं रात्री ग्वाल्हेरला चढतील,
शलाकाचे तिघं बडोद्याहून सरळ दिल्लीला.
पुढे बारा सीटची गाडी.
गाडीत कोण कुणाशेजारी,
ते पान मी कोरं सोडलंय.

आठ पलंग, माणसं नऊ.
एक गादी खाली टाकून देतो, नेगी म्हणतो.
खाली कोण, हे कुणी ठरवलं नाही.
ठरलेलंच होतं.

नेगी असंही म्हणतो, तळ्याला नऊ कोपरे आहेत,
एका जागेवरून सगळे नऊ कुणालाच दिसत नाहीत.
ज्याला दिसले, तो सुटला.
आईला सांगितलं. तिनं डोंगराचा
एक मोठा घास तोंडात टाकला,
मला कुठे एवढी घाई आहे, म्हणाली.

शेवटचं म्हणून विचारून घेते: भिंती?
'लकडी की हैं दीदी, पतली.
इधर कोई खांसे तो उधर सुनाई देता है.'

हेरंब झोपेत बोलायचा.
शलाका अंधारात त्याला उत्तरं द्यायची,
पतंग कुणी फाडला, पेढा कुणी खाल्ला,
सगळं कबूल करून घ्यायची.
सकाळी त्याला काही आठवायचं नाही,
तिला आठवायचं, पण ती सांगायची नाही.

वहीत खाडाखोड करते.
वरची खोली तिन्ही पोरांना. बघू देत काय बघायचं ते.
खालची डावी हेरंब-वल्लरीला.
उजवी शलाकाला, जावईबापूंना, आणि आईला.
मध्ये एक फळी.
नववी गादी मी आधी तिथेच लिहिली होती,
दोन्ही दारांच्या मधोमध.
ती खोडली. वर, पोरांच्या खोलीत नेली.
रात्री ग्लासभर पाणी लागलं
तर ज्याचं त्यानं मागावं.

नेगीला अर्धे पैसे पाठवले.
दोघांनाही एकच निरोप धाडला:
खोल्या ठरल्या, आता बदलणार नाहीत.
हेरंबनं अंगठा पाठवला.
शलाकानं वाचलं, पण उत्तर नाही.

आई तळं उचलून मोरीत ओतते,
डबीचं झाकण घट्ट लावते.
उतरेन मी, म्हणते. चढायचं मग बघू.
पायऱ्यांना कठडा आहे का, तेवढं विचार.