एक घडी

धंतोली, तिसऱ्या मजल्यावरचं थिएटर.
खाली रस्त्यावर मे महिना, सेहेचाळीस अंश.
मी मात्र हिरव्या गाउनखाली स्वेटर घालून.

टेबलावर झिबलजी नंदनवार, वय चौऱ्याहत्तर,
हनुवटीखाली लिंबाएवढी गाठ.
पाचपावलीत पन्नास वर्षं मागावर गेलेली,
पाय खड्ड्यात, नजर ताण्यावर,
झुकलेली मान मग झुकलेलीच राहिली.
"माही मान सरळ नाही होत बाई,
जबरदस्ती नोका करू."
नाही करणार, म्हटलं.

दाराशी त्यांच्या बायकोनं दोन गोष्टी सोपवल्या होत्या.
सुपारीच्या डबीत कवळी,
आणि एक सूचना:
"डोक्याखाली लुगड्याची एक घडी द्या.
दोन देल्या तर घोरते,
काहीच नाही देलं तर गुदमरते."
मी हो म्हटलं होतं,
नातेवाइकांना म्हणतात तसं.

पांढरं औषध शिरेतून गेलं. पापण्या मिटल्या.
दात नसले की गाल आत बसतात,
मास्कच्या कडेला दोन खळगे पडतात, तिथून हवा पळते.
अंगठा नि तर्जनीची चंद्रकोर मास्कवर,
उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर.
मांसावर नाही, हाडावर.
चेहरा मास्ककडे उचलायचा असतो,
मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो.
हे विद्यार्थ्यांना सांगायला बरं.
डावा हात दरवेळी नव्यानं शिकतो.

मग घशात बसणारा मास्क.
जिभेमागून सरकत गेला, अडला, थांबला.
कड फुगवली, झडप मिटली,
मानेवर स्टेथोस्कोप ठेवून काटा चढताना ऐकत राहिले.
चोवीसला हवा पहिल्यांदा कुजबुजली.
चालेल.

"मॅडम, गाठ दिसत नाही. मान मागे हवी," वैराळे म्हणाले.
शालिकनं खांद्यांखाली गुंडाळी सारली,
डोकं दोनच बोटं मागे गेलं
आणि सुरू झालं,
कुकरची रिंग सैल पडल्यावर येतं तसं
फुस्स,
प्रत्येक श्वासाला फुस्स.
सतरा.
ताणलेला घसा मास्कच्या कडेपासून सुटला होता.
वैराळ्यांसाठी लख्ख मोकळी जागा,
माझ्यासाठी गळका नळ.

मी उलट करून पाहिलं, हनुवटी छातीकडे.
एकोणतीस. कुठूनही हवा सुटेना.
पण पिशवी हाताला दगडासारखी लागली,
पडद्यावरच्या टेकड्या बुटक्या झाल्या.
दार घट्ट बसलं
आणि आतली वाटच मुडपली.

वैराळे घड्याळाकडे बघत होते.
शालिक माझ्याकडे.

लुगडं तेव्हा आठवलं.
"गुंडाळी काढ. चादरीची घडी दे.
एकच."
डोकं त्याच्या जुन्या खाचेत जाऊन बसलं,
मागाच्या पुढ्यात बसावं तसं, किंचित वाकून.
तेवीस.
आवाज गेला.
"सर, यापेक्षा मागे नाही."
"एवढ्याशा जागेत कशी काढू?"
"कशीही काढा."
त्यांनी काढली. पुटपुटत काढली.
चाळीस मिनिटं माझा हात त्या मानेखाली होता.
काढून घेता आला असता.

संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर
झिबलजींनी आधी कवळी मागितली, मग चहा.
चहा मिळाला नाही.
बायको दाराशी उभी.
गाठ केवढी निघाली, कसली होती,
तपासायला कुठं पाठवली,
यातलं तिनं काहीच विचारलं नाही.
"घड्या किती देल्या होत्या?"
"एक."
हिशेब जुळल्यावर हलवतात
तशी तिनं मान हलवली
आणि सुपारीची डबी परत मागितली.