मागची डावी बाजू

आमच्याकडे चार महिने रस्त्यावर मीठ पडतं.
बर्फ वितळतो त्यानं, आणि गाड्याही,
खालून, हळूहळू, कुणाला न सांगता.
म्हणून साठपासष्ट सालची साब
इथे अजून फटफटताना दिसलीच,
तर समजावं, तिच्यामागे कुणीतरी खुळा आहे.
हान्कासाल्मीच्या वाटेवरचा तो खुळा मी.

सात वर्षं.
तळाचा पत्रा नवा कापला, दोन्ही उंबरे वेल्ड केले,
तिसरं सिलिंडर रुसायचं, त्याची समजूत काढली.
तेहतीस लिटर पेट्रोलला एक लिटर तेल,
हे गणित मला स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्कं.
निळा धूर निघाला की शेजारची लेम्पी खिडकी लावून घेते
आणि तिचा नातू उघडतो.
बायकोने सात वर्षांत एकदाच विचारलं,
"संपेल ना रे हे?"
मी हो म्हटलं.
खोटं बोलतोय हे दोघांनाही कळलं
आणि आम्ही जेवायला बसलो.

ऑगस्टात एक बाई आल्या. एवी, सदुसष्टच्या.
गाडीच्या कागदांवर पहिलं नाव त्यांच्या वडिलांचं.
मी बॉनेट उघडून तयार,
त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.
"मागे बसू का?"

दोनच दारं या गाडीला.
पुढची सीट वाकवून, गुडघे आवळून
त्या आत शिरल्या, डावीकडे, ड्रायव्हरच्या पाठीशी.
आणि त्यांचा हात
सीटच्या कडेने चाचपत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"इथे एक भोक होतं," म्हणाल्या.
"दर गुरुवारी आम्ही युवॅस्कुलाच्या इस्पितळात जायचो.
आई होती तिथे.
शिवण उसवली होती, मी बोट घालायचे,
आतला काथ्या उपसायचे.
वसंतापर्यंत अख्खी मूठ जायची."

आईचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

ते कापड मी स्वीडनहून मागवलं होतं,
अकरा महिने वाट पाहून, धाग्याला धागा जुळवून.
लाहतीच्या मेळाव्यात दुसरा नंबर आला.
परीक्षकाने लिहिलं होतं: आतली बाजू निर्दोष.

"छान केलंय तुम्ही," एवी म्हणाल्या,
शेजाऱ्याच्या नव्या कुंपणाला म्हणावं तसं.

मग मी किल्ली फिरवली. दुसरं काय येतं मला?
तळ्याच्या वाटेला लागलो.
चढावर ती आपली कढईतल्या लाह्यांसारखी तडतडत,
आणि माथा ओलांडून पाय उचलला
तशी चाकं सुटली इंजिनाच्या हातून.
या गाडीची तीच तर रीत:
उतारावर इंजिन बाजूला बसून पुटपुटतं
आणि गाडी नुसती वाहते.

मागून आवाज आला,
"बाबा इथेच बोलायचे.
चढावर ऐकूच यायचं नाही काही.
उतारावर दोन वाक्यं."
"काय बोलायचे?"
"हवेबद्दल."

आरशात पाहिलं.
त्या माझ्या मानेकडे बघत होत्या,
माझ्या नसलेल्या कुठल्यातरी मानेकडे.
खरं तर मला हवेबद्दल काहीतरी सांगायचं होतं.
उतार संपला.

त्या संध्याकाळच्या गाडीने औलूला परत गेल्या.
मी सौनामागच्या खोपटात शिरलो.
आमची जात काही टाकत नाही:
गळके कार्बोरेटर, एका बाजूची आरशाची दांडी,
आणि सरपणाआड एक गोणी, माझ्याच अक्षरात,
"मागची सीट, फाटकी".

भोक सापडलं.
मूठ घालून पाहिली. गेली नाही.
चार बोटं, तीही खरचटत.

गॅरेजात आलो तेव्हा अकरा वाजले असतील,
बाहेर अजून थोडा उजेड.
बायको दारात. "आता काय काढतोयस?"
"काढत नाहीये. ठरलं नाही अजून."
मेमध्ये पुन्हा मेळावा आहे, तोच परीक्षक.
ठरलं नव्हतं, अगदी खरं,
फक्त तेरा नंबरचा पाना
हातात कधी आला, ते कळलं नाही.