तीन बोटं माया

दुकानाच्या खिडकीत पृथ्वीचा गोल ठेवलाय,
गिऱ्हाइकाचं पोर कंटाळलं तर फिरवायला.
काल रात्री मी त्यावर दोरा धरला,
हेलसिंकीवर एक टोक, तोक्योवर दुसरं.
पांढरा, मेण लावलेला, कोटाच्या बटणांचा.
ताणला की तो आपोआप वर सरकतो,
सैबेरियावरून जातो.
गोलावर सरळ रेघ वाकडीच दिसते,
हे मला शाळेत कळलं नव्हतं,
पोक आलेल्या एका टपालवाल्याचा कोट बेतताना कळलं.

सात हजार आठशे किलोमीटर.
केर्त्तू पहिल्यांदा गेली तेव्हा साडेनऊ तास लागले.
"दोन जेवणं आणि एक अर्धवट झोप, बाबा,"
असं तिने उतरल्यावर कळवलं होतं.
मग युद्ध सुरू झालं,
मधलं आभाळ बंद झालं,
आणि विमानं ध्रुवावरून वळसा घेऊ लागली.
आता तेरा तास.
पृथ्वी वाढलेली नाही, मी पुन्हा मोजली.
कापड मात्र पुरत नाही.

वैमानिक आहे एक, यालमारी,
पँटची कंबर सैल करायला आला होता.
"बसून बसून," म्हणाला, आणि ओशाळला.
मी तोंडातल्या टाचण्या काढून विचारलं,
ध्रुव कसा दिसतो?
"काळोख. नाहीतर ढग.
लोक झोपलेले असतात.
एखादी बाई उठून खिडकीला कपाळ लावते,
आणि परत बसते."
त्या बाईचं वय मी विचारलं नाही.
अर्धा इंच सोडला त्याला.

नातवाचं नाव रिकू,
दोन्हीकडे चालेल असं निवडलेलं.
तिकडे त्याचा अर्थ जमीन होतो म्हणे,
इकडे तो नुसताच रिकू.
फोनच्या काचेत तो हात पसरून उभा राहतो,
केर्त्तू टेप धरते,
मी आकडे खडूने टेबलावरच लिहितो.
छाती, खांदा, बाही.
बाहीचा आकडा मी तिला दोनदा विचारला.
"दोन वर्षं झाली, बाबा," ती म्हणाली,
आणि टेप गुंडाळायला लागली.

निळं लोकरी कापड घेतलंय.
शिवणीत आतून तीन बोटं माया सोडली,
नेहमी एक सोडतो.
जाडसर होते शिवण, खांद्याला टोचेल थोडी.
टोचू दे.
उसवून सैल करता येईल
तिथल्या कुठल्याही शिंप्याला.

आज सकाळी एका पोराने गोल गरगर फिरवला.
दोरा काढायचा राहिला होता.
वरच्या खिळ्याला, ध्रुवावर,
त्याचा वेढा बसला,
आणि तोक्योकडचं टोक
समुद्रात लोंबत राहिलं, वीतभर अलीकडे.
पोराची आई माफी मागत होती.
मी म्हटलं, असू दे,
रिळातून आणखी थोडा तोडला
आणि गाठ मारली.