अकरा सेकंद

चिठ्ठ्या टाकल्या होत्या म्हणे, गाव निघालं कोल्हापूर.
म्हणून देशाचं गाणं निवडायला
परीक्षक आले सात. त्यातल्या एकाला तिखट चालत नव्हतं,
त्यानंच कटाची दुसरी वाटी मागितली
आणि दुपारभर उचक्या देत गुण लिहीत बसला.

मला बोलावलं ते घड्याळासाठी.
तीस वर्षं मैदानात कुस्त्यांची वेळ धरली मी.
हे घड्याळ तांबड्या मातीत पडलंय,
काचेला चीर आहे, बारा आणि एकच्या मध्ये.
दिल्लीचा पोरगा म्हणाला, वेळ मोबाईलवर पण दिसते.
म्हटलं, दिसते. धरता येत नाही.

नियम मला एकच समजला:
गाणं तीन मिनिटांचं, वर एक सेकंद नाही.
थोरला देश, धाकटा देश, सगळ्यांना तेवढंच.
आमच्याकडं पाहुण्याला बसा म्हणण्यातच तेवढी जातात.

बिकानेरच्या दोघी बहिणी, दोन अठ्ठावन्न.
शिलाँगच्या पोरानं नुसती शीळ घातली. छान घातली. दोन चाळीस.
कोचीच्या चौघांनी धूर मागवला,
धुरात काटा दिसेना, त्यांना मी अंदाजानं सोडलं.
हे कुठं बोलू नका.

मग मेहजबीन शिकलगार.
गंगावेशीत दूधकट्ट्याच्या समोर तिच्या बापाचं चाक.
रस्त्याच्या अल्याड धार काढतात, पल्याड धार लावतात,
आमच्या विळ्या, खाटकाचे सुरे, न्हाव्याचे वस्तरे,
सगळ्यांना एकच दगड.

चपला काढून उभी राहिली, संगतीला काही नाही.
गाणं चाकाचंच.
विळी आली, अडकित्ता आला,
कुण्या म्हातारीची दात पडलेली खवणी आली,
आणि मग शब्द संपले.
तिनं आवाजातला पाय काढून घेतला
आणि सूर आपला फिरत राहिला, कुणी न ढकलता,
हळू, अजून हळू,
अंगठ्यावर पातं टेकवून बाप धार बघतो
तेव्हा मागं चाक फिरत असतं, तसा.

तीन मिनिटं अकरा सेकंद.
शिट्टी माझ्या तोंडात होती. तोंडातच राहिली.

विळी कोण ओळखणार परदेशात, एकजण म्हणाला.
दुसरी म्हणाली, बोट कापलेलं सगळीकडं ओळखतात.
चार विरुद्ध तीन. निवडली.
फक्त शेवट कापायचा.

ती म्हणाली, "चाक असं थांबत न्हाई, साहेब.
हात घालून थांबवलं तर हात जातोय."
सकाळपर्यंत विचार कर, म्हणाले.

रात्री कट्ट्यावर तिचा बाप भेटला, इलाहीभाई.
माझा ग्लास भरून आणला, स्वतःचा नाही.
फेसाकडं बघत राहिला.
"कापू दे तिला," म्हणाला,
"धार पायजे तर लोखंड झिजतंयच की."
पण मग पैसे देताना दोनदा चुकला.

सकाळी ती दोन एकोणसाठला थांबली. नेमकी.
टाळ्या झाल्या, हलगी आली, गुलाल आला,
एका म्हशीनं पोराच्या डोक्यावरची पाटी पाडली.
मी घड्याळ शून्यावर आणलं नाही.
आदल्या दिवशीचंच होतं त्यात,
आजचं मी दिल्लीच्या पोराच्या मोबाईलवर मोजलं.

नंबर आला सतरावा. ते नंतर.
त्या रात्री दुधाच्या क्रेटवर टीव्ही ठेवला होता,
दीड वाजता ती दिसली, केवढ्या उजेडात, एवढीशी.
विळी, अडकित्ता, खवणी.
मग गाणं तुटलं आणि तिकडं सगळं सभागृह उठलं.

इकडं कुणी टाळी वाजवली नाही.
इलाहीभाई चाकाशी बसला होता, ताडपत्रीखाली,
चाकावर काही नव्हतं, तरी पाय चालत होता.
तो त्यानं काढला.
आम्ही सगळे थांबलो.

किती वेळ, ते मी मोजलं नाही.